एक घर, एक खातं

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. आयुष्याला वळण लागणार आहे आणि ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं. घरात दुसरं कुणी लिहिणारं नाही.

घटना अशी की आमच्या हॉस्पिटलच्या बेसमेंटमध्ये वाय-फाय आलं. माझ्यासाठी नाही, चादरींसाठी. गठ्ठ्यांना कोड लावायचे आणि ते मशीनने वाचायचे, म्हणून. मी लाँड्रीचा सुपरवायझर. इतकी वर्षं या बेसमेंटमध्ये चादरी, अभ्रे, गाऊन आणि ऑपरेशनची हिरवी कापडं यांच्यात काढली, फोनला एक दांडी रेंज कधी मिळाली नाही. सकाळी जिना उतरलो की जगाला मेलो, संध्याकाळी चढलो की पुन्हा जन्म. मधल्या वेळात किती लोकांनी मला फोन लावले असतील, लागत नाही म्हणून वैतागून ठेवले असतील! त्यांचा तरी काय दोष.

विशेषतः कन्या.

कन्येबद्दल थोडक्यात. वरच्या मजल्यावर बिलिंग काउंटरला होती. मीच चिकटवली होती. दीड वर्षापूर्वी सोडलं, दुसऱ्या शहरात गेली, आता कुत्र्यांचे केस कापते. त्यावर मी एकच वाक्य बोललो होतो. तेही शांतपणे. तेव्हापासून तिचा फोन हिला येतो, मला येत नाही. पण त्याचा त्या वाक्याशी काही संबंध नाही. तिला दुपारी दोनच्या सुमाराला जेवणाची सुट्टी असते आणि दोन वाजता मी खाली असतो. साधी रेंजची गोष्ट आहे.

आता बघू.

४ फेब्रुवारी, बुधवार

पाय फार दुखतात. रोलर इस्त्रीसमोर उभं राहून गुडघ्यांचं पाणी झालं असावं.

इंटरनेटवरून फोन करण्याचं ॲप घेतलं. मोबाइल कंपनीची गरजच नाही. आपला जुना नंबर त्या ॲपमध्ये नेता येतो, सिमकार्ड फेकून द्यायचं. जिथे वाय-फाय तिथे फोन. घरी आहे, बेसमेंटमध्ये आहे. मी तिसरीकडे जातो कुठे?

घडीवाल्या बाईंना (चादरींच्या घड्या घालतात, माझ्याआधीपासून आहेत) समजावून सांगितलं. म्हणाल्या, साहेब, या खोलीत फोन लागत नाही हेच एक सुख होतं, तेही घालवलंत. अडाणी विचार. दुर्लक्ष केलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

हिचंही सिम बंद केलं. ही दिवसभर घरात, घरात वाय-फाय, मग कंपनीला पैसे कशाला भरायचे? ही म्हणाली, माझा फोन चांगला चालला होता. म्हटलं, चालणं वेगळं आणि चांगलं चालणं वेगळं. म्हणाली, वेगळं वेगळं काही नको, मला आपलं उचलायचं आणि बोलायचं एवढंच कळतं. म्हटलं, तेवढंच करायचं आहे.

ॲप विचारत होतं, दोन नंबरांची दोन खाती करायची का? म्हटलं, कशाला? दोन पासवर्ड, दोन कटकटी. माझ्या खात्यातच हिचा नंबर घातला आणि तेच खातं हिच्या फोनवर उघडून दिलं. एक घर, एक खातं. संसार कसा सुटसुटीत असावा.

हे एकट्याने केलं, कुणाला न विचारता. या वयात.

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस. फोन वरच्या खिशात, आवाज पूर्ण.

अकरापर्यंत कुणाचा फोन नाही. लोकांना अजून माहीत नाही की मी लागतो. मग शिंप्याचा आला. पडदे शिवून झालेत म्हणाला. पडद्यांचं सगळं हीच बघते, पण तो माणूस मला फोन करतो! म्हणजे कर्ता कोण हे बाहेरच्यांना बरोबर कळतं.

दोन वाजता मुद्दाम रोलरपासून लांब, अभ्र्यांच्या कपाटाशी उभा राहिलो. काही नाही.

एक त्रुटी: फोन आला की नाव मोठं येतं आणि खाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं येतं. चष्मा असूनही वाचता येत नाही. जाहिरात असावी.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आला!!

दोन वाजून गेले होते. ट्रॉलीवर ठेवलेल्या फोनवर कन्येचं नाव उजळलं. पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत उचलला. हॅलो म्हटलं. पलीकडे शांतता. मग म्हणाली, बाबा? तुम्ही? म्हटलं, मीच! आता मी खालीसुद्धा लागतो. पुन्हा शांतता. भारावली असणार. आवाज काय स्वच्छ! मागे कुत्रं भुंकत होतं ते लहान जातीचं हेसुद्धा कळत होतं.

आई कुठेय, असं विचारलं. पहिला प्रश्न आईबद्दल. संस्कार. म्हटलं, आई मजेत आहे. म्हणाली, बरं. मग तुम्ही कसे आहात. म्हटलं, मजेत. मग ठेवते म्हणाली. सुट्टी लहान असते बिचारीला.

दीड वर्ष. आणि एका ॲपने काम झालं. मी म्हणतच होतो, रेंज.

हिला सांगितलं नाही. इतके दिवस फोन हिला यायचा, आता मला आला. उगाच मनाला लागायचं.

११ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा आला. पुन्हा पहिल्या रिंगला उचलला. पुन्हा आईला विचारलं. म्हटलं, ठीक आहे. मग पेन्शन का महत्त्वाचं असतं ते थोडक्यात सांगितलं. मधे बोलली नाही. पूर्वी लगेच तोडायची. मॅच्युअर झाली आहे.

दुपारी मेहुणीचाही आला. ती म्हणाली, अय्या, भाऊजी तुम्ही? म्हटलं, हो, मीच. इंटरनेट कॉलिंगचे फायदे सविस्तर सांगितले. ताई कुठेय हे तिनं तीनदा विचारलं. बायकांना नवीन तंत्राची भीतीच जास्त.

संकल्प: रोज फोन पूर्ण चार्ज.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ही म्हणाली, फोन वाजतो आणि हात पुसून उचलायला जावं तोवर बंद होतो. म्हटलं, तुझी उचलण्याची स्पीड कमी आहे. म्हणाली, माझे हात तेच आहेत, फोन बदललाय. म्हटलं, स्वयंपाकघरात सिग्नल कमजोर असणार. सिग्नल वाढवणारा डबा आणून फ्रिजवर ठेवला. हिरवा दिवा छान दिसतो.

म्हणाली, पोरीचा चार दिवस फोन नाही. मी लावला तर ती उचलत नाही. म्हटलं, कामात असेल.

आतून जरा वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर जरासंच.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मेट्रनबाईंनी वर बोलावलं. मेट्रनबाई म्हणजे नर्सिंगच्या मुख्य आणि आमच्या चादरींच्याही. विचारलं, काल दुपारी घरी होतात का? म्हटलं, मी आणि घरी? म्हणाल्या, ऑपरेशनच्या हिरव्या कापडांसाठी फोन केला तर बाईंनी उचलला. ते कामावर गेलेत म्हणाल्या. आणि त्यांचे पाय दुखतात, त्यांना फार वेळ उभं करू नका, असंही म्हणाल्या.

रोलरच्या आवाजात मला ऐकू आलं नसेल हे मान्य. पण फोन घरी कसा गेला? विचार केला आणि लक्षात आलं: इंटरनेटमध्ये वायरींची गर्दी फार असते. कधीतरी एकाचा फोन दुसरीकडे घसरतो. मेट्रनबाईंना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, उद्यापासून दुपारी दोनदा वर येऊन मला तोंड दाखवून जायचं.

म्हणजे बेसमेंटपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत दोन चकरा. लिफ्ट पेशंटसाठी.

हिला म्हटलं, ऑफिसातल्या लोकांशी माझ्या पायांबद्दल बोलायचं नाही. म्हणाली, मग कुणाशी बोलू? तुम्ही तर ऐकत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

थकवा. दोन चकरांनी जीव जातो. चढताना प्रत्येक वळणावर मेट्रनबाई आठवतात.

कन्येचे फोन चालू आहेत. काल, आज. रोज! लोकांची मुलं महिनोन्‌महिने फोन करत नाहीत. रोलरवाल्याला सांगितलं, माझी मुलगी रोज दोन वाजता फोन करते. तो म्हणाला, भाग्यवान आहात. घडीवाल्या बाई घड्या घालत राहिल्या. त्यांना दोन मुलगे.

बोलणं मात्र लांबत नाही. रोज तेच. आई आहे का, आईला द्या. मी बेसमेंटमधून आई कुठून देऊ? आज म्हणाली, आईनं मला फोन करावा असं सांगाल का? म्हटलं, सांगतो. जे बोलायचं ते मला सांगितलंस तरी चालेल, हेही म्हटलं. म्हणाली, नको.

आता हिला सांगायचं तर मुलगी रोज मला फोन करते हेही सांगावं लागेल. हिला ते झेपणार नाही. आधीच खट्टू आहे. काल अर्धी पोळी पानात टाकून उठली. फोन जवळ ठेवून बसते. फ्रिजवरच्या डब्याकडे बघते. शिवाय ही लावते तर ती उचलत नाही, मग सांगून उपयोग काय? हिच्या भल्यासाठीच गप्प आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बातमी. मुलगी स्वतःचं दुकान काढतेय. कुत्र्यांचंच. येत्या रविवारी सुरू.

आज एका दमात म्हणाली, बाबा, ठेवू नका, आईला एवढं नक्की सांगा, रविवारी सकाळच्या गाडीनं ये, अकराला फीत आईच्या हातानं कापायची आहे. मी जागा, भाडं, अनुभव याबद्दल विचारणारच होतो, तेवढ्यात म्हणाली, सांगाल ना? नक्की? म्हटलं, सांगतो.

संध्याकाळी घरी आलो. ही पालेभाजी निवडत बसली होती. सांगणार होतो. तोंड उघडलंही. पण काही मुद्दे आहेत:

हिला गाडीचा प्रवास सोसत नाही. (मागच्या वेळी सोसला होता. पण तेव्हा खिडकी मिळाली होती.)

तुम्हाला कसं कळलं, असं ही विचारेल.

आणि मुख्य म्हणजे ती आईला ये म्हणाली. मला म्हणाली नाही. आता बापाला फोन करून आईला बोलवायचं, यात काहीतरी राहिलं असणार. गडबडीत होती. उद्या करेल तेव्हा नीट म्हणेल, तुम्हीही या. मग दोघांचं एकदमच सांगेन. दोघं जाऊ. त्यात शोभा आहे.

ही म्हणाली, काय बघताय? म्हटलं, भाजी ताजी आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आला. विचारलं, आई काय म्हणाली? म्हटलं, बघते म्हणाली. हे काही खोटं नाही. ही कशालाही बघते असंच म्हणते.

थोडं थांबलो. आणखी काही सांगायचंय का, असंही विचारलं. रोलर बंद करायला लावला होता, नीट ऐकू यावं म्हणून. म्हणाली, नाही, एवढंच. आईला म्हणावं मी वाट बघते.

पुढचं वाक्य आलं नाही. मी फोन कानाला तसाच धरून होतो. ठेवल्याचा आवाजही या ॲपमध्ये येत नाही, कळतच नाही पलीकडे कुणी आहे की गेलं.

उद्या शनिवार आहे. अजून एक दिवस आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आला नाही. दुकान लावायच्या गडबडीत असेल. मीच लावला असता, पण कामात असलेल्या माणसाला त्रास देऊ नये. आणि मुलीला सांगायचं तरी काय, मला बोलाव म्हणून?

आज तीन चकरा. एकदा मेट्रनबाई जागेवरच नव्हत्या.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी लवकर जाग आली. इस्त्रीचा शर्ट घातला. सहजच. ही म्हणाली, कुठे निघालात? म्हटलं, कुठे नाही, रविवारीसुद्धा माणसानं नीट राहावं. बूटही पुसून ठेवले.

पहिली गाडी गेली. दुसरी साडेनऊला असते. तीही पकडता आली असती. एक शब्द आला असता तर हिला म्हटलं असतं, ऊठ, साडी बदल, चल. पाच मिनिटांत निघालो असतो. फोन टेबलावर उताणा ठेवला होता.

अकरा वाजले. ही वाटाणे सोलत होती. मधेच म्हणाली, आज का कुणास ठाऊक, पोरीची फार आठवण येतेय. मी पेपर वाचत होतो. पान उलटलं.

जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी. शर्ट संध्याकाळी काढला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दोन वाजता कपाटाशी उभा होतो. काही नाही. अडीचलाही नाही. वाय-फायची तक्रार नोंदवली. ते म्हणाले, चालू आहे.

ते काहीही म्हणतील.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

घरी आलो तर मेहुणी. पोरीच्या गावाहून थेट आली होती, बॅगेसकट. स्वयंपाकघरात दोघींचं हळू बोलणं चाललं होतं. मी आल्यावर थांबलं. मेहुणी ताईकडे अशी बघत होती, जणू तिला कुठे लागलंबिगलं आहे का ते तपासतेय.

मग म्हणाली, भाऊजी, ताईचा फोन तुम्ही काढून घेतलात का? म्हटलं, काय बोलतेस? तो बघ फ्रिजवर. म्हणाली, मग पोरगी दोन आठवडे ताईच्या नंबरवर फोन करतेय, तो प्रत्येक वेळी तुम्ही कसा उचलता?

म्हटलं, ताईच्या नाही, माझ्या नंबरवर. ती मला फोन करते. रोज.

हे ऐकून हिनं माझ्याकडे पाहिलं. तशी ती फारशी पाहत नाही.

मेहुणी म्हणाली, थांबा. पर्समधून फोन काढून कुणालातरी लावला. फ्रिजवर हिचा वाजला. त्याच वेळी खिशात माझा वाजला. सवयीनं मी पहिल्या रिंगला उचलला, हॅलो म्हटलं. फ्रिजवरचा गप्प झाला. समोर चार फुटांवर उभी राहून मेहुणी फोनमध्ये म्हणाली, भाऊजी, मी ताईला फोन लावलाय.

तिनं माझा फोन हातात घेतला, डोळ्यांसमोर धरला आणि नावाखालची ती बारीक अक्षरं वाचून दाखवली. जाहिरात नव्हती. कुणाच्या नंबरवर फोन आलाय ते लिहिलेलं असतं. हिचा नंबर. सगळ्या फोनांखाली हिचा नंबर. शिंप्याच्यासुद्धा.

आणि खातं माझं, त्यामुळे हिनं लावला की पोरीला माझं नाव दिसायचं. म्हणून उचलत नव्हती.

मग मेहुणीनं दुकानाचं सांगितलं. ती गेली होती. पोरीनं अकराची फीत एकपर्यंत कापली नाही. गाडी उशिरा असेल म्हणत दारात उभी होती. शेवटी एक गिऱ्हाईक आपलं कुत्रं घेऊन तसंच फितीखालून आत गेलं, मग कापली.

हिनं मला विचारलं, तुम्हाला माहीत होतं? मी खात्याची रचना, दोन नंबर, एक पासवर्ड, हे समजावून सांगायला लागलो. म्हणाली, रविवारचं विचारतेय.

म्हटलं, हो.

उठली आणि बॅग भरायला लागली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

दोघी सकाळच्या गाडीनं गेल्या. स्टेशनवर सोडायला येतो म्हटलं. मेहुणी म्हणाली, राहू द्या. ही म्हणाली, फ्रिजमध्ये भाजी आहे.

हा सगळा दोष ॲपचा आहे. दोन खाती करायची का, हे इतक्या घाईत विचारतात की माणसानं नाहीच म्हणावं. कंपनीला खरमरीत लिहिणार आहे.

दोन वाजता फोन वाजला नाही. कसा वाजेल, ही तिथेच आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

भाजी संपली. भात केला, खाली लागला.

इतके दिवस मी त्या फोनांचा विचार करतोय. प्रत्येक वेळी मी हॅलो म्हटल्यावर ती थांबायची. मला वाटायचं, आनंदानं. आता ते थांबणं कशाचं ते कळतं. तरीसुद्धा रोज लावत होती. कधीतरी आई उचलेल म्हणून.

पण एक आहे. पहिल्या दिवशी तरी, तुम्ही कसे आहात, असं विचारलं होतं. ते तिनं मलाच विचारलं होतं. फोन कुणालाही असो.

१ मार्च, रविवार

ही आली. दमलेली, पण चेहरा उजळला होता. स्वतःहून काही सांगणार नव्हती, पण चहा घेताना राहवलं नाही. दुकान लहान आहे म्हणाली. एक टब, एक टेबल, भिंतीला मोठा आरसा. पोरगी मोठ्या कुत्र्याला एका हातानं धरते आणि त्याच्याशी बोलत दुसऱ्या हातानं कान साफ करते. हात छान चालतो तिचा, म्हणाली. मी म्हटलं, माझ्यावर गेलीय. यावर चहा पीत राहिली.

थोड्या वेळानं विचारलं, माझं काही विचारलं का तिनं? म्हणाली, विचारलं. पाय कसे आहेत म्हणून. मेट्रनच्या चकरांचं मी सांगितलं होतं.

म्हणजे विचारलं.

मग म्हटलं, माझं चुकलं. असं म्हणायचं ठरवलं नव्हतं, निघून गेलं तोंडातून. ही म्हणाली, मला नका सांगू. मी तर घरातच असते. म्हटलं, तिला फोन करू? म्हणाली, तुमचं नाव दिसलं की ती उचलणार नाही इतक्यात. थोडे दिवस जाऊ द्या.

म्हटलं, निदान तुझं खातं वेगळं करून देतो, एका मिनिटाचं काम आहे. तिनं दोन्ही हात वर केले. म्हणाली, आता कशालाही हात लावू नका. पाया पडते. तुमच्याकडे वाजला तर वाजू दे. तुम्ही फक्त उचलू नका. एवढं जमेल?

म्हटलं, न उचलण्यात जमायचं काय आहे?

२ मार्च, सोमवार

आला. तिचं नाव. हात गेलाच. दुसऱ्या हातानं धरला. तीन रिंगा झाल्या आणि बंद झाला. घरी हिनं उचलला.

वाटलं त्यापेक्षा अवघड आहे.

५ मार्च, गुरुवार

मेट्रनबाईंनी चकरा बंद केल्या. म्हणाल्या, बाईंचा फोन आला होता. कसले कसले फोन करते ही!

खातं वेगळं करण्याची सेटिंग मला सापडली आहे. ही झोपली की करून टाकता येईल, तिला कळणारही नाही. एकदा केलं की माझ्याकडे वाजणं बंद होईल, कटकट मिटेल. करणार आहे. पण लाइनची क्वालिटी काही दिवस तपासून बघावी म्हणतो. घाई केली की काय होतं ते आपण पाहिलंच.

आज दोन वाजता कपाटाशी उभा होतो. वाजला. फोन हातात धरला, डोळ्यांजवळ नेला. वर तिचं नाव, खाली हिचा नंबर. आता ती बारीक अक्षरं वाचता येतात. पाच रिंगा झाल्या तरी बंद होईना. ही बाहेर कपडे वाळत घालत असेल. सहावी झाली. घाबरलो. उचल की, असं मोठ्यानं म्हटलं. सातवीला बंद झाला. म्हणजे उचलला. बोलत असतील.

घडीवाल्या बाई अभ्रे घेऊन आल्या. म्हणाल्या, साहेब, एवढा वेळ फोन वाजत होता, उचलला का नाहीत?

म्हटलं, माझा नव्हता.